सतरा वर्षांनी आलेला ‘इव्हॉल्व्ह’

मुंबईच्या इंडस क्रीड या रॉक बँडचा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीचा त्यांचा अल्बम १९९५ चा. मधल्या सतरा वर्षांतली तेरा वर्षे हा बँड अस्तित्वातच नव्हता. ज्यांनी त्याची कॅसेट झिजेपर्यंत ऐकली होती, ते श्रोते तोवर चाळिशीकडे झुकले होते. नव्या अल्बममध्ये आठ गाणी होती आणि त्यांतले एकही त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ या जुन्या गाजलेल्या गाण्यासारखे नव्हते. काही जुन्या चाहत्यांना हाच विश्वासघात वाटला, काहींना हीच अल्बमची खरी कमाई वाटली. भारतात इंग्रजी रॉकच्या एखाद्या अल्बमवरून दोन पिढ्यांत असा वाद व्हावा, हे क्वचित घडलेले आहे. भारतीय रॉक बँड सहसा इतकी वर्षे टिकत नाहीत, हे त्याचे साधे कारण.

हा वाद समजण्यासाठी १९८४ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी मुंबईत रॉक मशीन नावाचा बँड उभा राहिला. इंडस क्रीड हे त्याचेच नंतरचे नाव. मुंबईला रॉक तेव्हा नवे नव्हते. साठच्या दशकाच्या अखेरीस ‘द सॅव्हेजेस’सारखे बँड शहरात वाजवत होते आणि सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेली ‘सिमला बीट’ स्पर्धा देशभरातल्या हौशी बँडना एका मंचावर आणत होती. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांबरोबर त्यांनी ध्वनिमुद्रण केले आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्या डिस्कोथेकमध्ये स्थानिक वादकांची वाद्ये घेऊन वाजवूनही गेले. १९८० मध्ये ‘द पोलीस’ हा ब्रिटिश बँड धोबी तलावच्या रंगभवनात वाजला. हौस, श्रोते आणि जागा या तिन्ही गोष्टी होत्या. नव्हती ती स्वतःची गाणी. बहुतेक बँड परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवत. श्रोत्यांची मागणी तीच असे, आणि ‘हुबेहूब मूळ रेकॉर्डसारखे’ ही वादकाला मिळणारी सर्वांत मोठी पावती असे. आयात कर इतके चढे होते की चांगली गिटार किंवा अँप्लिफायर मिळवणे हाच एक पराक्रम ठरे. ध्वनिमुद्रण कंपन्यांचा सारा धंदा चित्रपटसंगीतावर चालत होता, आणि इंग्रजीत गाणाऱ्या देशी मुलांवर पैसे लावण्याचे त्यांना कारण नव्हते.

रॉक मशीनने याच ठिकाणी वेगळी वाट धरली. महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बास गिटारवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर, मार्क मेनेझेस ड्रमवर आणि उदय बेनेगल गायक, अशी बँडची ओळखीची मांडणी पहिल्या काही वर्षांत घडत गेली. तिनईकर, गांधी, बालापोरिया, सेल्विन, बेनेगल ही आडनावे एका ओळीत वाचली की दक्षिण मुंबईच्या एखाद्या कॉलेजचा हजेरीपट डोळ्यांसमोर येतो. ते शहर ज्या मिश्रणाने बनले होते, त्याच मिश्रणाचा हा बँड होता. गाणी इंग्रजी असल्यामुळे मराठी संगीताच्या इतिहासात त्याला जागा मिळाली नाही, आणि इंग्रजी नियतकालिकांनी त्याच्याकडे ‘भारतीय रॉक’ म्हणून पाहिले, महाराष्ट्रातला बँड म्हणून नव्हे. त्यामुळे महाराष्ट्रात जन्मून इतका नावारूपाला आलेला हा बँड मराठी वाचकाला बराचसा परकाच राहिला.

१९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा पहिला अल्बम आला. सगळी गाणी स्वतःची. आज ही बाब किरकोळ वाटेल, पण तेव्हाच्या कॉलेज महोत्सवात आपले नवे गाणे वाजवणे म्हणजे हुर्यो ओढवून घेणे होते. संगीताचा बाज त्या काळच्या अमेरिकन हार्ड रॉकचा होता: वेगवान गिटार, उंच पट्टीतला आवाज आणि सगळ्यांना एकत्र ओरडता येईल असे ध्रुवपद. लांब केस आणि कपड्यांचा थाटही तोच. दोन वर्षांनी, १९९० मध्ये, ‘द सेकंड कमिंग’ आला. त्यात गाण्यांची बांधणी नेटकी झाली, कीबोर्डला जास्त वाव मिळाला आणि ‘प्रिटी चाइल्ड’ हे तुलनेने हळुवार गाणे आले. पहिल्या अल्बमच्या आडदांडपणावर प्रेम करणाऱ्यांना हा बदल मऊपणाचा वाटू शकला असता. पण बँडचे खरे नशीब अजून उघडायचे होते, आणि ते उघडणार होते दूरचित्रवाणीमुळे.

१९९१ मध्ये हाँगकाँगहून स्टार टीव्हीचे उपग्रह प्रक्षेपण सुरू झाले. त्याच्या मोजक्या वाहिन्यांमध्ये एमटीव्ही एशिया होती. या वाहिनीला आशियाई चेहरे हवे होते, आणि भारतातून देण्याजोगे इंग्रजी व्हिडिओ जवळजवळ नव्हतेच. रॉक मशीनकडे ते होते. ‘टॉप ऑफ द रॉक’ आणि ‘प्रिटी चाइल्ड’ हे व्हिडिओ परदेशी बँडच्या व्हिडिओंच्या मधोमध दिसू लागले. १९९३ मध्ये ‘प्रिटी चाइल्ड’ला एमटीव्ही व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्समध्ये आशिया विभागाचा प्रेक्षकपसंती पुरस्कार मिळाला. याचा परिणाम पुरस्कारापेक्षा मोठा होता. तोवर हा बँड मुख्यतः महानगरांतल्या कॉलेजांचा होता. आता नागपूर, औरंगाबाद, कोल्हापूर अशा शहरांत, जिथे गच्च्यांवरून आणि झाडांवरून केबलच्या तारा नुकत्याच ओढल्या जात होत्या, तिथल्या शाळकरी मुलांपर्यंत तो पोहोचला. या मुलांनी बँडला रंगमंचावर पाहिलेले नव्हते. त्यांच्या लेखी तो दोन-तीन व्हिडिओंचा बँड होता. पुढे ‘इव्हॉल्व्ह’वरून जे मतभेद झाले त्याचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे: बँडने केलेले काम आणि लोकांच्या आठवणीत राहिलेला बँड यांच्यातले अंतर तेव्हापासून पडायला लागले होते.

याच सुमारास बँडने आपले नाव बदलले. १९९३ मध्ये रॉक मशीनचा इंडस क्रीड झाला. नऊ वर्षे कमावलेले नाव, तेही लोकप्रियतेच्या शिखरावर असताना टाकून देणे हा व्यापारी दृष्टीने वेडेपणाच होता. कारण मात्र स्पष्ट होते. ‘रॉक मशीन’ हे नाव जगात कुठल्याही हौशी बँडचे असू शकले असते. त्यातून बँड कुठला आहे हे कळत नव्हते. गाणी स्वतःची लिहायची, पण नावासकट सारा अवतार उसना, ही विसंगती सदस्यांना खटकू लागली होती. नव्या नावाचा पहिला अल्बम १९९५ मध्ये आला आणि त्याचे नावही ‘इंडस क्रीड’ हेच ठेवले गेले. हार्ड रॉकचा जुना साचा त्यात सैल झाला होता, भारतीय तालवाद्यांना शिरकाव मिळाला होता, आणि ‘ट्रॅप्ड’सारख्या गाण्यात आधीच्या मौजमजेऐवजी गंभीर सूर होता. म्हणजे पहिल्या तिन्ही अल्बमांत बँडने प्रत्येक वेळी मागचे काही ना काही सोडून दिलेले दिसते. सातत्य शोधायचे तर ते या सोडून देण्यातच सापडते.

१९९५ हे साल भारतीय पॉपच्या इतिहासात दुसऱ्याच कारणाने लक्षात राहिले. अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ आणि दलेर मेहंदीचा ‘बोलो ता रा रा’ त्याच वर्षी आले आणि त्यांचा खप पाहून कंपन्यांनी हिंदी-पंजाबी पॉपकडे मोर्चा वळवला. एमटीव्ही एशिया १९९४ मध्ये स्टारवरून गेली, तिच्या जागी चॅनल व्ही आली, आणि १९९६ मध्ये भारतासाठीची स्वतंत्र एमटीव्ही सुरू झाली. या वाहिन्यांना हळूहळू उमगले की प्रेक्षक हिंदीत आहेत, जाहिरातीही तिथेच आहेत. ज्या दाराने इंग्रजी रॉक घराघरांत शिरला होता, ते दार त्याच्यासाठी बंद होऊ लागले. शिवाय परदेशी कलावंत आता प्रत्यक्ष येऊ लागले होते. १९९५ मध्ये बॉन जोव्ही मुंबईत वाजवून गेला, १९९६ मध्ये मायकल जॅक्सन अंधेरीला आला. मूळ माल दारात आल्यावर ‘आपलाही एक रॉक बँड आहे’ या अभिमानाची धार बोथट झाली. १९९७ मध्ये इंडस क्रीड विसर्जित झाला. मोठे भांडण नाही, निरोपाचा गाजावाजा नाही. करण्यासारखे उरले नाही, एवढेच. इंडिपॉपची लाटही पुढच्या काही वर्षांत ओसरली आणि चित्रपटसंगीताने आपली जुनी जागा परत घेतली, पण त्याचा फायदा रॉकला झाला नाही.

त्यानंतर सदस्य पांगले. उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेला आणि तिथे जयेश गांधीबरोबर ‘आल्म्स फॉर शांती’ या बँडमधून भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताच्या मिश्रणाचे प्रयोग करू लागला. इकडे मुंबईत रॉकचा नकाशाच बदलला. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाचे घर असलेले रंगभवन रुग्णालय आणि महाविद्यालय यांच्या शेजारी होते. ध्वनिप्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर शांतता क्षेत्र म्हणून तिथले कार्यक्रम थांबले. नव्या पिढीचे बँड हेवी मेटलकडे वळले, काहींनी इलेक्ट्रॉनिक संगीत जवळ केले. आपलीच गाणी वाजवायची ही गोष्ट आता त्यांना सिद्ध करावी लागत नव्हती, ती गृहीत धरलेली होती. रॉक मशीनने ज्यासाठी हुर्यो सोसली, ते आता रीतसर झाले होते आणि ते कोणी सुरू केले हे नव्या श्रोत्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते. कॅसेट गेल्या, सीडी आल्या आणि त्याही मावळू लागल्या. जुने अल्बम दुकानांतून नाहीसे झाले. बँड लोकांच्या आठवणीत राहिला, पण ऐकायला मिळेनासा झाला. अशा स्थितीत आठवण अधिक गोड होत जाते आणि पुढच्या कोणत्याही नव्या गाण्याला तिच्याशी सामना करावा लागतो.

२०१० मध्ये बँड पुन्हा एकत्र आला. जुन्यांपैकी बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे तिघे होते. बास गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे दोघे पुढच्या पिढीतले वादक आले. वेळ अनुकूल होती. मुंबईत लोअर परळच्या जुन्या गिरणीत उभ्या राहिलेल्या ‘ब्लू फ्रॉग’सारख्या क्लबात आठवडाभर नवे संगीत वाजत होते, आणि डिसेंबर २०१० मध्ये पुण्यात ‘एनएच-सेव्हन वीकेंडर’ हा महोत्सव सुरू झाला, जिथे परदेशी गाण्यांची नक्कल करणाऱ्या बँडला स्थानच नव्हते. जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करत फिरायचे ठरवले असते तर तेही सहज चालले असते. कंपन्यांचे समारंभ आणि कॉलेजांचे माजी विद्यार्थी मेळावे अशा बँडची वाटच पाहत असतात. बँडने तो रस्ता घेतला नाही. आठवणींवर जगणारा बँड व्हायचे नाही, नवी गाणी करायची, ही भूमिका सुरुवातीपासून जाहीर होती.

ती भूमिका अल्बमच्या घडणीतही दिसते. ‘इव्हॉल्व्ह’चे मिक्सिंग टिम पामर या इंग्रज ध्वनितज्ज्ञाने केले. पर्ल जॅम या बँडच्या १९९१ च्या ‘टेन’ या गाजलेल्या अल्बमचे मिक्सिंग त्याचे. मास्टरिंग न्यूयॉर्कच्या अँडी व्हॅनडेट यांचे, ज्यांनी रश आणि पॉर्क्युपाइन ट्री या बँडसाठी काम केले होते. ही नावे बँडची दिशा सांगून जातात. ‘फायरफ्लाइज’, ‘डिझॉल्व्ह’, ‘द मनी’, ‘टेक इट हार्डर’, ‘नो डिसग्रेस’, ‘बुलेटप्रूफ’, ‘कम अराउंड’ आणि ‘गुडबाय’ ही आठ गाणी हार्ड रॉकपेक्षा नव्वदीच्या अल्टरनेटिव्ह आणि प्रोग्रेसिव्ह रॉकच्या जवळची आहेत. ती ध्रुवपदाकडे धावत नाहीत. वातावरण तयार करत सावकाश चढतात. तिनईकरची गिटार पूर्वी गाणे थांबवून आपली करामत दाखवत असे. इथे ती बऱ्याचदा गाण्याच्या पोतात मिसळून जाते आणि सोलो आला तरी तो आटोपशीर असतो. बालापोरियाचा कीबोर्ड झगमगाट करत नाही, पाठीमागे पट उभा करतो. सर्वांत मोठा फरक ड्रम आणि बासमध्ये आहे. मिस्त्री आणि रो कवी ताल नुसता धरून ठेवत नाहीत, तर गाण्याला वळण देतात. बेनेगलचा आवाज खाली उतरलेला आणि संयत आहे. ऐंशीच्या दशकातली किंचाळी त्यात नाही, आणि पन्नाशीकडे निघालेल्या गायकाने ती आणायचा प्रयत्न केला नाही हे शहाणपणच म्हणायचे.

ध्वनीच्या दर्जाबद्दल फारसे दुमत झाले नाही. भारतीय रॉक अल्बमांचा आवाज पातळ आणि बंदिस्त असतो ही जुनी तक्रार इथे लागू पडत नव्हती. वाद गाण्यांवरून झाला. जुन्या चाहत्यांची पहिली तक्रार अशी की अल्बम संपल्यावर गुणगुणायला काही उरत नाही. ‘प्रिटी चाइल्ड’ किंवा ‘टॉप ऑफ द रॉक’ पहिल्या ऐकण्यात तोंडात बसत होती. ‘डिझॉल्व्ह’ला तीन-चार वेळा ऐकण्याची सवड द्यावी लागते. दुसरी तक्रार सुराबद्दल होती. रॉक मशीन म्हणजे उत्साह, मस्ती, तारुण्य. हा अल्बम काळसर आणि अंतर्मुख आहे. तिसरी तक्रार जास्त मुद्द्याची होती: १९९५ च्या अल्बमने भारतीय तालांकडे जी पावले टाकली होती, त्यांचा माग ‘इव्हॉल्व्ह’मध्ये लागत नाही. स्वतःची ओळख हवी म्हणून ज्याने नाव बदलले, त्याच बँडने सतरा वर्षांनी असा अल्बम केला की जो सिअॅटल किंवा लंडनमध्येही झाला असता, हा आक्षेप सहज झटकता येण्याजोगा नाही.

दुसऱ्या बाजूला दोन वेगळे गट होते. एक तरुण श्रोत्यांचा, ज्यांना रॉक मशीन हे नाव थोरल्या भावंडांकडून ऐकून माहीत होते. त्यांना तुलनाच करायची नव्हती. त्यांनी ‘फायरफ्लाइज’ हे एका चांगल्या बँडचे चांगले गाणे म्हणून ऐकले. दुसरा गट वादकांचा आणि समीक्षकांचा. त्यांना या अल्बममध्ये वयाला साजेसा प्रामाणिकपणा दिसला, आणि पाच माणसांनी एकमेकांचे ऐकत वाजवलेले संगीत दिसले. याच गटातून मात्र एक उलट टीकाही निघते, आणि ती जुन्या चाहत्यांच्या तक्रारीपेक्षा बोचरी आहे. बँडला ‘आजचे’ व्हायचे होते खरे, पण ‘इव्हॉल्व्ह’चा आवाज २०१२ चा नाही, तो नव्वदीच्या मध्याचा आहे, म्हणजे बँड विसर्जित झाला नसता तर १९९८ मध्ये जो अल्बम आला असता, तो हा. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते दोष म्हणून मोजावे का, हा प्रश्न उरतो. जो अल्बम करायचा राहून गेला तो उशिरा केला, असेही त्याकडे पाहता येते, आणि तसे पाहिले की १९९५ च्या ‘ट्रॅप्ड’नंतर ‘इव्हॉल्व्ह’ ही उडी वाटत नाही, पुढची पायरी वाटते. धक्का बसला तो ज्यांचा बँड १९९३ पाशी थांबलेला होता त्यांना.

हा प्रकार एकट्या इंडस क्रीडचा नव्हता. सिअॅटलचा साउंडगार्डन हा बँडही १९९७ मध्येच फुटला, २०१० मध्येच परत जुळला आणि २०१२ मध्येच त्याने ‘किंग अॅनिमल’ हा अल्बम काढला. तारखांचा हा योगायोग विलक्षण आहे, पण तिथली परिस्थिती वेगळी होती. साउंडगार्डनचे जुने अल्बम कधीच बाजारातून गेले नव्हते, त्यामुळे त्याच्या चाहत्यांना सारा बँड आठवत होता. त्याच वर्षी व्हॅन हेलन या अमेरिकन बँडने उलटा मार्ग घेतला. डेव्हिड ली रॉथ या मूळ गायकाबरोबर केलेल्या ‘अ डिफरंट काइंड ऑफ ट्रुथ’मधली कित्येक गाणी सत्तरच्या दशकातल्या न वापरलेल्या मसुद्यांवरून बांधलेली होती. जुन्या चाहत्यांना हवे होते तेच मिळाले, आणि नवे काही सुचत नाही म्हणून जुने उकरले असा शेराही मिळाला. गन्स एन’ रोझेसचा ‘चायनीज डेमोक्रसी’ २००८ मध्ये आला तेव्हा मूळ बँडमधला फक्त गायक उरला होता आणि वाट पाहण्याची वर्षेच अल्बमपेक्षा मोठी झाली होती. या उदाहरणांच्या ओळीत ‘इव्हॉल्व्ह’चा धोका पत्करण्याचा दर्जा वरचा ठरतो. त्याच्यामागे मोठी कंपनी नव्हती, जगभरचा श्रोतृवर्ग नव्हता, आणि जुने विकून पोट भरण्याचा मार्ग उघडा असताना त्याने तो नाकारला होता.

अल्बमच्या प्रसाराला काळानेही साथ दिली नाही. २०१२ मध्ये सीडीची दुकाने आवरती घेतली जात होती आणि पैसे देऊन गाणी उतरवून घेण्याची सवय लागली नव्हती. ॲपलचे आयट्यून्स दुकान भारतात उघडले ते त्या वर्षीच्या डिसेंबरात, आणि गाणी ऐकण्याच्या मासिक वर्गणीच्या सेवा रुळायला आणखी काही वर्षे जायची होती. म्हणजे १९९५ चा अल्बम एका बदलाच्या तोंडावर सापडला तसाच हाही सापडला. ‘इव्हॉल्व्ह’ लोकांपर्यंत पोहोचला तो मुख्यतः मंचावरून. तिथे बँडने नवी गाणी पुढे ठेवली आणि जुनीही वाजवली. क्लबातल्या एकाच रात्री ‘फायरफ्लाइज’ शांतपणे ऐकणारे विशीतले श्रोते आणि ‘प्रिटी चाइल्ड’ची वाट पाहणारे त्यांच्या दुप्पट वयाचे श्रोते शेजारी-शेजारी उभे असत. आज दोन्ही गाणी इंटरनेटवर एका शोधात मिळतात, आणि नागपूरचा विशीतला श्रोता बँडची कारकीर्द कुठल्याही टोकाकडून ऐकायला सुरुवात करू शकतो. १९९२ च्या केबलवाल्या प्रेक्षकाला ती सोय नव्हती.